तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मराठी विश्वकोश : एक पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. त्या निमित्ताने दिल्लीतल्या आधीच्या एकमेव संमेलनाची आठवण निघाली. ते संमेलन १९५४ सालचे. उद्घाटक पंडित नेहरू, स्वागताध्यक्ष काकासाहेब गाडगीळ आणि अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. यांपैकी पहिल्या दोघांची ओळख आजही करून द्यावी लागत नाही. तर्कतीर्थांची मात्र द्यावी लागते. विश्वकोशाचे संपादक, संस्कृतचे मोठे पंडित, एवढ्यावरच ती बहुतेक वेळा थांबते. ते दोनदा तुरुंगात गेले, मानवेंद्रनाथ रॉय या क्रांतिकारक विचारवंताच्या राजकारणात वर्षानुवर्षे वावरले आणि महाराष्ट्र राज्याच्या भाषाविषयक कामाचा पाया घालणाऱ्यांत बसले, हे मागे पडते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजातपणाचा दाखला मागच्या दोन हजार वर्षांकडे बोट दाखवतो. तर्कतीर्थांचे काम पुढच्या काळासाठी होते: मराठीत भौतिकी लिहिता आली पाहिजे, कायदा लिहिता आला पाहिजे, शरीरशास्त्र लिहिता आले पाहिजे आणि ते मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला वाचता आले पाहिजे. भाषेचा कैवार घेणारे पुष्कळ झाले. कैवार घेऊन नंतर चौतीस वर्षे नोंदी तपासत बसणारे फार थोडे.

वाईची पाठशाळा

लक्ष्मणशास्त्रींचा जन्म २७ जानेवारी १९०१ रोजी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. शिक्षणासाठी ते लहान वयातच वाईला आले, ते प्राज्ञपाठशाळेत. पाठशाळा नारायणशास्त्री मराठे यांची; पुढे संन्यास घेतल्यावर ते केवलानंद सरस्वती झाले. न्याय, मीमांसा, वेदान्त, व्याकरण हे तिथले विषय. लक्ष्मणशास्त्रींनी कलकत्त्याची न्यायशास्त्रातली ‘तर्कतीर्थ’ ही पदवी १९२३ मध्ये मिळवली आणि ती त्यांच्या नावालाच चिकटली.

या पाठशाळेचा एक विशेष पुढच्या सगळ्या गोष्टीशी जोडलेला आहे. तिथे पाठांतराबरोबर कोशाचे काम चाले. केवलानंदांचा मीमांसाकोश सात भागांचा. लक्ष्मणशास्त्रींनी हाती घेतलेला धर्मकोश त्याहून अवाढव्य. धर्मशास्त्रातल्या एकेका विषयावर, म्हणजे दत्तक, ऋण, साक्षी, दायभाग (वारशाची वाटणी) अशा एकेका कलमावर, वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंत (शास्त्रवचनांच्या उत्तरकालीन संकलनांपर्यंत) जे जे वचन आले आहे ते शोधायचे, पाठभेद तपासायचे, काळाच्या क्रमाने लावायचे आणि टीकाकारांची मते खाली द्यायची. धर्मकोशाचे व्यवहारकांड १९३७ पासून छापून येऊ लागले.

वरवर कोरडे वाटणारे हे काम करताना एक गोष्ट माणसाच्या हाडीमासी खिळते. एखाद्या विषयावरची सगळी वचने कालक्रमाने शेजारी शेजारी ठेवली की ‘शास्त्रात असे सांगितले आहे’ हे वाक्य टिकत नाही. शास्त्रात वेगवेगळ्या काळी वेगवेगळे सांगितलेले दिसते. रूढी बदलतात, हे त्यांना बाहेरच्या कुठल्या विचारवंताने सांगावे लागले नाही. त्यांच्याच टेबलावरच्या टाचणांनी ते दाखवून दिले. आणि विश्वकोशासाठी लागणारी सवय, म्हणजे हजारो तुकडे हरवू न देता ओळीने लावण्याची सवय, १९६० च्या आधी पस्तीस वर्षे वाईत मुरत होती.

येरवडा, पर्णकुटी आणि रॉय

१९३० च्या सविनय कायदेभंगात आणि पुन्हा १९३२ मध्ये लक्ष्मणशास्त्रींनी तुरुंगवास सोसला. त्याच १९३२ मध्ये अस्पृश्यतेचा प्रश्न ऐरणीवर आला. पुणे करारानंतर गांधीजी येरवडा तुरुंगातूनच अस्पृश्यतानिवारणाची मोहीम चालवत होते. सनातनी पंडितांचा दावा होता की शास्त्राचा अस्पृश्यतेला आधार आहे. त्यांच्याशी त्यांच्याच भूमीवर, त्यांच्याच प्रमाणग्रंथांतून वाद घालू शकेल असा माणूस गांधीजींना हवा होता. ते काम ज्या मोजक्या शास्त्र्यांनी केले त्यांत तिशीतले लक्ष्मणशास्त्री होते.

पुढच्या वर्षी, १६ जून १९३३ रोजी, पुण्यातल्या पर्णकुटी बंगल्यात गांधीजींचे पुत्र देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी राजगोपालाचारी यांचा विवाह झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. रूढ धर्मशास्त्राच्या भाषेत हा प्रतिलोम विवाह, म्हणजे वधूचा वर्ण वरापेक्षा वरचा असलेला, निषिद्धातला निषिद्ध. पौरोहित्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी केले. आज आंतरजातीय लग्न लावणारे पुरोहित सहज मिळतात, त्यामुळे या घटनेचे वजन चटकन लक्षात येत नाही. १९३३ मध्ये पाठशाळेतल्या शास्त्र्याने असे लग्न लावणे म्हणजे स्वतःच्या वर्तुळातली प्रतिष्ठा पणाला लावणे होते.

रॉय नोव्हेंबर १९३६ मध्ये तुरुंगातून सुटले आणि लक्ष्मणशास्त्री त्यांच्याकडे ओढले गेले. पुढचा प्रवास सोपा नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये रॉय यांनी रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष काढला. फॅसिझमचा पराभव हे पहिले कर्तव्य मानून या पक्षाने दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना पाठिंबा दिला आणि १९४२ च्या चळवळीपासून तो दूर राहिला. त्याची किंमत मोठी होती. रॉयवादी लोक एकाकी पडले, निवडणुकीत टिकले नाहीत आणि १९४८ च्या अखेरीस पक्षच विसर्जित झाला. याच वर्षांत लक्ष्मणशास्त्रींची ‘हिंदुधर्माची समीक्षा’ आणि ‘जडवाद’ ही पुस्तके आली. जोतीराव फुल्यांवरही त्यांनी लिहिले. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ १९५१ चे. त्याला १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, मराठीतला पहिला.

या काळातून दोन गोष्टी पुढच्या कामाला मिळाल्या. पहिली म्हणजे विज्ञाननिष्ठ मांडणीचा आग्रह. संस्कृत पंडिताच्या हाती विश्वकोश गेला तर तो पुराणांचा कोश होईल, ही भीती कुणालाही वाटली असती. तसे झाले नाही, याचे कारण रॉयवादी वर्षांत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ओळखी. कऱ्हाडचे तरुण कार्यकर्ते यशवंतराव चव्हाण हेही काही काळ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले होते. ते काँग्रेसमध्ये राहिले, पण वाईच्या शास्त्रीबुवांविषयीचा आदर राहिलाच. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, यशवंतराव मुख्यमंत्री झाले आणि भाषेचे काम कोणाकडे द्यायचे हे ठरवायला त्यांना फार वेळ लागला नाही.

१९६० मध्ये हाताशी काय होते

सगळे शून्यातून उभे केले असे म्हणणे आधीच्यांवर अन्याय ठरेल. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कारभाराच्या शब्दांचा कोश काढला होता. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत आला, आणि १९४८ मध्ये याच जोडीने शास्त्रीय परिभाषेचा कोशही दिला.

सर्वांत मोठा पूर्वज म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने लोकांकडून पैसा उभा करून, मर्यादित कंपनी काढून, वर्गणीदार जमवत महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला. १९२० पासून त्या दशकात त्याचे २३ भाग निघाले. पहिले पाच प्रस्तावनाखंड: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. सरकारी मदतीवर न विसंबता एका माणसाच्या जिद्दीवर झालेले हे काम पाहिले की आजही मन भरून येते. पण त्याच्या मर्यादाही तिथेच आहेत. लेखकवर्ग लहान, घाई मोठी, विज्ञानाच्या नोंदी आखूड आणि सुधारित आवृत्ती काढणारी कोणतीही संस्था मागे नाही. केतकर १९३७ मध्ये गेले आणि ज्ञानकोश होता तिथेच थांबला.

नव्या राज्यात दोन वेगवेगळी कामे एकाच वर्षी सुरू झाली. ती अनेकदा एकच समजली जातात, म्हणून सुटी करून सांगतो. ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याचे काम राज्यकारभाराची मराठी: पदनामे (सरकारी पदांची नावे), नमुने, अधिनियमांचे अनुवाद. १९६२ चा पदनामकोश हे त्याचे पहिले गाजलेले फळ. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले आणि महाराष्ट्र हसला. त्यातले काही शब्द खरोखरच जड होते आणि ते गळून पडले. पण संचालक, आयुक्त, अधीक्षक, लिपिक हे आज तालुक्याच्या कचेरीत कुणीही सहज बोलतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. तो २६ जानेवारी १९६५ पासून अमलात आला.

दुसरे काम साहित्य संस्कृती मंडळाचे. त्याची स्थापना १९ नोव्हेंबर १९६० ची आणि अध्यक्ष लक्ष्मणशास्त्री. मंडळाकडे तीन कामे होती: दुर्मिळ व महत्त्वाचे ग्रंथ छापणे, इतर भाषांतले ग्रंथ मराठीत आणणे आणि विश्वकोश. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले महात्मा फुले समग्र वाङ्मय याच मंडळाने १९६९ मध्ये काढले. त्याआधी फुल्यांचे सगळे लेखन एका जागी मिळत नव्हते. फुले अभ्यासक्रमात, चळवळीत आणि रोजच्या चर्चेत जे आले त्यात या एका ग्रंथाचा वाटा फार मोठा आहे, आणि ते मंडळाच्या खात्यावर क्वचितच मांडले जाते.

पहिल्या खंडाला सोळा वर्षे का लागली

विश्वकोशाचा पहिला खंड, ‘अंक’ ते ‘आतुरचिकित्सा’, १९७६ मध्ये आला. १९६० पासून मोजले तर सोळा वर्षे. या सोळा वर्षांवर तेव्हाही टीका झाली आणि अजूनही होते. ती वर्षे कशात गेली हे समजून घेतले तर कोश कसा बनतो हे कळते.

कोश वर्णानुक्रमाने छापायचा असतो. पहिल्या खंडात ‘अ’ चे विषय येणार. पण ‘अ’ ची नोंद लिहिताना ‘ह’ मध्ये काय असणार आहे हे ठाऊक असावे लागते. ‘अणुऊर्जा’ या नोंदीत किरणोत्सर्गाचे किती सांगायचे? किरणोत्सर्गावर स्वतंत्र नोंद असेल तर दोन ओळी आणि त्या नोंदीकडे वळवणारा ‘पहा’. नसेल तर दोन परिच्छेद. म्हणजे एकही नोंद लिहून घेण्याआधी सगळ्या खंडांची नोंदयादी पक्की करावी लागते. ही यादी विषयवार बनते: वनस्पतिशास्त्राची, संगीताची, अर्थशास्त्राची, स्थापत्याची. मग सगळ्या याद्या एकत्र केल्या की झोंबाझोंबी सुरू होते. कापूस वनस्पतिशास्त्राच्या यादीत असतो, शेतीच्या असतो, वस्त्रोद्योगाच्या असतो आणि व्यापाराच्याही. चार नोंदी करायच्या, की एकीत चार भाग पाडायचे आणि ते चौघांकडून लिहून घ्यायचे? असा निर्णय हजारो वेळा घ्यावा लागतो, आणि एकदा घेतला की पुढच्या सगळ्या खंडांत तो पाळावा लागतो.

अनुक्रमाचेही नियम आधीच बांधावे लागतात. अनुस्वारयुक्त अक्षर आधी की नंतर? विश्वकोशात आधी, म्हणून पहिली नोंद ‘अंक’. क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी ठेवायचे, की क आणि ज यांच्या जोडाक्षरांत धरायचे? विश्वकोशाने दुसरा मार्ग घेतला. त्यामुळे शाळेत पाठ केलेल्या क्रमाने शेवटच्या खंडात ‘ज्ञ’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आधुनिक माणसे आडनावाखाली, संत त्यांच्या रूढ नावाखाली. म्हणून गांधी ‘ग’ मध्ये मिळतात आणि तुकाराम ‘त’ मध्ये. परदेशी नावे उच्चाराप्रमाणे लिहायची ठरली की फ्रेंच, जर्मन, रशियन नावांचा उच्चार कोणाला विचारायचा हा प्रश्न येतो. एका खंडात एक रूप आणि तीन खंडांनंतर दुसरे रूप झाले तर वाचकाला ती नोंद सापडतच नाही.

त्यानंतर लेखक. विषयाचा जाणकार मिळायचा, पण त्याने सगळे शिक्षण इंग्रजीत घेतलेले. त्याची नोंद यायची ती इंग्रजी वाक्यरचनेचे सांगाडे घेऊन, किंवा सरळ इंग्रजीतच. उलट, सुरेख मराठी लिहिणारा मिळायचा तर विषयात कच्चा. म्हणून बाहेरून आलेली नोंद वाईतल्या विषय-संपादकाने पुन्हा लिहायची, ती दुसऱ्या तज्ज्ञाने तपासायची, मग भाषेच्या दृष्टीने पुन्हा पाहायची आणि शेवटी ती प्रमुख संपादकाकडे जायची, अशी साखळी असते. वाईत यासाठी मानव्यविद्या आणि विज्ञान-तंत्रविद्या असे दोन विभाग चालत. प्रत्येक नोंदीखाली संदर्भग्रंथ आणि लेखकाचे नाव देण्याची पद्धत ठेवली, हे मला फार मोलाचे वाटते. सरकारी प्रकाशनात लेखक सहसा नाहीसा होतो. इथे तो जबाबदारीसकट उभा आहे.

यात साखळीचा कमकुवत दुवा कुठे असतो तेही सांगायला हवे. वर्णानुक्रमामुळे एक नोंद अडली की खंड अडतो. शेकडो नोंदी तयार, आणि एकाच नोंदीचा लेखक आजारी किंवा परदेशी. मग तिच्या पुढची पाने जुळवता येत नाहीत. ती गाळून पुढे जावे तर मागच्या खंडांत तिच्याकडे वळवलेले सगळे ‘पहा’ हवेत लटकतात. संपादकाच्या मागे लागलेला हा रोजचा घोर आहे. अठरा हजारांच्या घरात नोंदी असलेल्या कोशात तो किती वेळा आला असेल याची कल्पनाच करावी.

परिभाषा

सोळा वर्षांतला मोठा भाग परिभाषेत गेला. १९६५ मध्ये विश्वकोशाचा परिचयग्रंथ आला, १९७३ मध्ये परिभाषासंग्रह, आणि मग खंड. हा क्रम योग्यच होता. शब्द आधी ठरले नाहीत तर एकच संज्ञा चार लेखक चार प्रकारे लिहितात.

शब्द ठरवण्याची रीत साधी दिसते, पण वेळखाऊ आहे. एकटा शब्द ठरवून भागत नाही. त्याचे कुटुंब ठरवावे लागते. नाम सापडले, पण त्यापासून विशेषण होते का? क्रियापद होते का? उलट अर्थाचा शब्द बनतो का? ‘वाहक’ घेतला तर संवाहक, अर्धसंवाहक, अतिसंवाहक अशी पुढची वाट मोकळी होते. बोलीतला चटपटीत शब्द पुष्कळदा पहिल्याच पायरीवर शोभतो आणि तिसऱ्या पायरीवर अडतो, कारण त्याला उपसर्ग-प्रत्यय लावता येत नाहीत. परिभाषेत संस्कृत धातू इतके का येतात, याचे मुख्य कारण हे आहे. केवळ पंडिती आवड म्हणून ते आलेले नाहीत. मग तो शब्द दुसऱ्या विषयात आधीच वेगळ्या अर्थाने रुळला आहे का ते बघायचे. शेवटी तो प्रत्यक्ष वाक्यात घालून वाचायचा. यादीत छान दिसणारा शब्द वाक्यात जीभ अडकवतो असे बरेचदा होते.

विश्वकोशाने सगळेच भाषांतरित केले, ही समजूत चुकीची आहे. मूलद्रव्यांची नावे ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन अशीच ठेवली, कारण ती जगभर त्याच रूपात चालतात आणि संयुगांची नावे त्यांच्यावरच बांधलेली असतात. संकल्पनांना मात्र मराठी शब्द दिले. माझ्या मते मधली वाट हीच आहे, आणि हट्टी शुद्धीकरण व आळशी उसनवारी या दोन्हींपेक्षा ती कठीण आहे, कारण प्रत्येक शब्दावर वेगळा विचार करावा लागतो.

तरीही एक दुखणे उरले, आणि ते आजच्या विद्यार्थ्याला जाणवते. विश्वकोशात भौतिकीची नोंद उघडा. तिथे ‘प्रेरणा’ शब्द भेटतो: वस्तुमान आणि प्रवेग यांचा गुणाकार म्हणजे प्रेरणा. शाळेच्या पुस्तकात त्याच राशीला ‘बल’ म्हणतात. दहावीच्या मुलाला ‘प्रेरणा’ म्हणजे स्फूर्ती. तो गोंधळतो आणि कोश मिटून ठेवतो. दोन्ही शब्द आपापल्या जागी ठीक आहेत. चूक ही, की एकाच राज्यातल्या दोन यंत्रणांनी एका राशीला दोन नावे चालू ठेवली. परिभाषेत शब्द किती सुंदर यापेक्षा तो सगळ्यांनी वापरला का, याला जास्त महत्त्व असते. पाठ्यपुस्तके, विद्यापीठे, भाषा संचालनालय आणि विश्वकोश यांनी एकमेकांचे शब्द बांधील मानावेत अशी सक्ती कधी झाली नाही, आणि नुकसान वाचकाचे झाले.

मुंबई सोडून वाई

विश्वकोशाचे कार्यालय राजधानीत न ठेवता वाईला ठेवले, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येते. फायदा उघड होता. संपादक तिथे राहतात, पाठशाळेचे ग्रंथालय तिथे आहे, ‘नवभारत’सारखे वैचारिक मासिक तिथून निघते आणि मंत्रालयाच्या जिन्यावर वेळ जात नाही. कोशासाठी वाईतच शासकीय मुद्रणालयही आले, त्यामुळे मुद्रितशोधन आणि छपाई एकाच गावात झाली. गणिती सूत्रे, आकृत्या आणि जोडाक्षरांनी भरलेल्या पानांना हे फार उपयोगी ठरले असणार, कारण अशा पानावर एक ओळ वाढली तरी पुढची जुळणी हलते.

तोटा असा, की विज्ञानाचे तज्ज्ञ मुंबई-पुण्यात. तरुण पदवीधराला वाईत येऊन सरकारी वेतनावर वर्षानुवर्षे नोंदी तपासत बसण्याचे आकर्षण कमी. पद रिकामे झाले की भरायला वेळ लागे, आणि विषय-संपादकाचे पद रिकामे म्हणजे त्या विषयाच्या नोंदी थांबलेल्या. १ डिसेंबर १९८० रोजी साहित्य संस्कृती मंडळापासून वेगळे काढून मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ स्वतंत्र करण्यात आले. लक्ष्मणशास्त्री त्याचेही अध्यक्ष आणि प्रमुख संपादक राहिले. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

१९७६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९९२ मध्ये पद्मविभूषण. भारतीय राज्यघटनेच्या संस्कृत अनुवादातही त्यांचा हात होता. २७ मे १९९४ रोजी महाबळेश्वरला त्यांचे निधन झाले. तोवर पंधराव्या खंडापर्यंतचे काम मार्गी लागलेले होते.

नंतर

त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे प्रमुख संपादक झाले, पुढे काही काळ डॉ. श्रीकांत जिचकार. वेग मात्र मंदावला. सतरावा खंड २००७ मध्ये आला. त्यामागे एक रचनेचाच दोष होता. लक्ष्मणशास्त्रींच्या काळात शेवटचा शब्द त्यांचा असे. न्यायशास्त्रापासून नृत्यापर्यंत कोणत्याही नोंदीवर ते अधिकाराने मत देऊ शकत, आणि वाद तिथे मिटत. असा माणूस असतो तेव्हा काम झपाट्याने होते. तो गेल्यावर त्याच्या जागी बसवायला कार्यपद्धती लागते, आणि ती पुरेशी लिहून, रुजवून ठेवलेली नव्हती. केतकरांच्या ज्ञानकोशाचे जे झाले ते विश्वकोशाचे झाले नाही, कारण मागे मंडळ होते. पण मंडळ असणे आणि मंडळाकडे माणसे असणे यांत फरक आहे.

विजया वाड यांच्या अध्यक्षपदाच्या काळात उरलेल्या खंडांना गती मिळाली, मुलांसाठी कुमार विश्वकोश सुरू झाला आणि सगळे खंड महाजालावर खुले झाले. विसावा खंड २०१५ मध्ये पुरा झाला. पहिल्या आणि शेवटच्या खंडात ३९ वर्षांचे अंतर पडले.

या अंतराचा वापरणाऱ्यावर थेट परिणाम होतो, आणि ते कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. विश्वकोशातल्या माहितीचे वय अक्षरावर ठरते. ‘अ’, ‘आ’, ‘क’ ने सुरू होणारे विषय १९७० च्या दशकाच्या नजरेने लिहिलेले आहेत; ‘स’ आणि ‘ह’ चे विषय एकविसाव्या शतकातले आहेत. ‘अमेरिका’ आणि ‘स्वित्झर्लंड’ या दोन देशांच्या नोंदी शेजारी ठेवून आकडे ताडून पाहणारा फसतो, कारण त्या दोन वेगळ्या पिढ्यांच्या आहेत. महाजालावर नोंद एकटीच उघडते, तेव्हा हातात खंड नसल्याने सालही डोळ्यांसमोर नसते. म्हणून लोकसंख्या, उत्पादन, सीमा, वैद्यकीय उपचार, कायदे या बाबतीत आधी खंडाचे प्रकाशनवर्ष पाहावे आणि मगच आकडा उचलावा. इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत, भारतविद्या, भाषाशास्त्र, शास्त्राची मूलतत्त्वे या नोंदी मात्र अजूनही भरवशाच्या आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांच्या तोडीचे मराठीत दुसरे काही नाही.

हे जुनेपण दूर करण्यासाठी दिलीप करंबेळकर यांच्या अध्यक्षपदाच्या काळात विषयवार ज्ञानमंडळांची रचना केली गेली. एकेका विषयाची जबाबदारी विद्यापीठ किंवा संशोधनसंस्थेकडे द्यायची, नोंदी तिथे लिहून-तपासून घ्यायच्या आणि थेट महाजालावर टाकायच्या. खंड अडण्याचा प्रश्न यात उरत नाही, कारण ‘क’ साठी ‘अ’ ला थांबावे लागत नाही. नवा प्रश्न एकसारखेपणाचा आहे. वाईत सगळ्या नोंदी एका टेबलावरून जात. आता त्या अनेक ठिकाणांहून येतात, आणि त्यांतली परिभाषा १९७३ च्या संग्रहाला धरून ठेवायची, की पाठ्यपुस्तकांशी जुळवून घ्यायची, हे प्रत्येक ज्ञानमंडळाला आपापल्या विषयापुरते नव्याने ठरवावे लागते. ‘प्रेरणा’ की ‘बल’, हा निर्णय पदार्थविज्ञानाच्या माणसांनी शाळेच्या पुस्तकांकडे पाहून लवकर करावा. तो झाला की जुन्या नोंदींतला शब्द बदलणे हे संगणकावर थोड्या दिवसांचे काम आहे. फक्त बदल करताना मूळ शब्द कंसात ठेवावा, म्हणजे छापील खंड वाचणाऱ्याचा धागा तुटणार नाही.